वेणूने लावलेलं कुलूप

"यंदाच्या मेळाव्यात माणसांनी तोंडं बंद ठेवायची. बोलेल ते मशीन!"

शशिकांत टिपणीस हे वाक्य गेला महिनाभर अंबरनाथमध्ये भेटेल त्याला ऐकवत फिरत होता. भाजीवालीलासुद्धा त्याने ते ऐकवलं, तेव्हा ती "बरं, पण कोथिंबीर घेता का?" एवढंच म्हणाली. साल होतं एकोणीसशे शहाण्णव. शशिकांत एका केमिकल कारखान्यात ऑफिसर, वय तेहतीस, अविवाहित, आणि वधूवर मंडळाचा चिटणीस. ज्याचं स्वतःचं जमत नाही त्याला दुसऱ्यांची जमवायला कोणी बसवलं, असं विचारू नका. मंडळातल्या बाकी सगळ्यांची लग्नं झालेली होती, त्यामुळे त्यांना लग्न या विषयात फारसा उत्साह उरला नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष विष्णुपंत. मेळाव्यात एकेक मुलगी स्टेजवर उभी करायची आणि तिची माहिती माइकवरून खणखणीत आवाजात वाचायची, ही त्यांची पद्धत. "उंची बेताची, वर्ण निमगोरा, चष्मा आहे!" असं ते पुकारत, आणि मुलगी स्टेजवर उभ्या उभ्या चष्मा काढू की ठेवू या विचारात पडे. शशिकांतने ही पद्धत मोडायचं ठरवलं. सगळ्या मुलामुलींची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायची, आवडीनिवडी जुळवायच्या, आणि प्रत्येक मुलीसाठी सर्वांत योग्य मुलगा कोण ते मशीननेच सांगायचं! कोणाची वशिलेबाजी नाही, कोणाची मध्यस्थी नाही.

हे झालं जाहीर कारण. खरं कारण बदलापूरला राहत होतं आणि तिचं नाव मालिनी.

मालिनी नाव नोंदवायला आली तेव्हा टेबलापाशी शशिकांत एकटाच होता. ती म्हणाली, "पेन आहे का?" त्याने पेन दिलं. तिने फॉर्म भरला आणि ती पेन घेऊन निघून गेली. एवढंच. पण त्या दिवसापासून शशिकांतची झोप उडाली. कारखान्यात दीडशे कामगारांसमोर धडाधड बोलणारा हा माणूस, मुलीसमोर उभा राहिला की पहिल्याच शब्दात अडायचा. आजवरच्या सगळ्या कांदेपोह्यांत तो फक्त कांदेपोह्यांविषयीच बोलला होता. म्हणून त्याने डोकं लढवलं. मालिनीच्या फॉर्ममध्ये "नाटकांची आवड, पहाटे उठण्याची सवय, नोकरी घराजवळ असावी" असं होतं. रात्री बसून त्याने स्वतःचा फॉर्म भरला. नाटकांची प्रचंड आवड! (दुसऱ्या अंकात तो घोरत असे.) पहाटे उठतो! (उठत नसे.) कारखाना घरापासून चालत! (हे मात्र खरं होतं.) आता मशीनने मालिनीच्या नावापुढे शशिकांत टिपणीस सोडून दुसरं कोणाचं नाव काढूनच दाखवावं!

"आणि आई, तू मध्ये बोलायचं नाहीस," त्याने वृंदाताईंना बजावलं. "मशीनवर विश्वास ठेव."

"ठेवते बाबा," वृंदाताई म्हणाल्या. "माणसांवर ठेवून काय झालं ते बघितलंच आहे."

मेळाव्याचा दिवस उजाडला. शिवमंदिराच्या रस्त्यावरचा हॉल सकाळीच भरला. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये कॉम्प्युटर क्लास चालवणारे गोपीचंद सेठ आपलं मशीन रिक्षात घालून, स्वतः त्याला मिठी मारून घेऊन आले. मशीन हॉलच्या ऑफिसात ठेवलं, कारण टेबल, पंखा आणि फोन या तिन्ही गोष्टी तिथेच होत्या. सेठनी आल्या आल्या दारात खडूने रेघ ओढली.

"साईं, चप्पल बाहर! मशीन को धूल नहीं मंगता!"

विष्णुपंतांनी बूट काढले, पण तोंड वाकडं करूनच. मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला.

"उद्घाटन नको का करायला?"

"साईं, पानी नहीं! पानी नहीं!" सेठ मशीनवर आडवे झाले. शेवटी नारळ बाहेर फुटला, पण विष्णुपंतांनी मॉनिटरच्या काचेवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलंच. त्यावर अक्षता चिकटवल्या. त्यातल्या चार-दोन अक्षता कीबोर्डच्या फटींतून आत गेल्या. सेठनी कीबोर्ड उलटा करून झटकला, तर अक्षतांबरोबर आतून क्लासातल्या कोणाचं तरी फरसाणही पडलं.

शशिकांतने खिशातून रुमालात गुंडाळलेली फ्लॉपी काढली. मशीनमध्ये सारली. घरघर झाली. हिरवी अक्षरं उमटली, एक ओळ आली, आणि पुढे काही नाही. नुसता एक ठिपका लुकलुकत राहिला.

"झालं का सुरू?" विष्णुपंतांनी विचारलं.

"विचार करतंय," शशिकांत म्हणाला.

सगळ्यांनी मशीनला विचार करायला वेळ दिला. बाहेर लोक चहा पिऊन आले. मशीनचा विचार संपेना. शशिकांतने फ्लॉपी काढून फुंकर मारली, परत घातली. तोच ठिपका! विष्णुपंत म्हणाले पंख्याचा वारा लागत असेल, पंखा बंद करा. पंखा बंद केला. सगळे घामाघूम झाले, मशीन तसंच. शशिकांतला वाटलं, विष्णुपंत मोज्यांनी आत आलेत, मोज्यांना धूळ असणार. विष्णुपंतांनी मोजे काढले. त्यानंतर परिस्थिती सगळ्यांच्याच दृष्टीने बिघडली, म्हणून मोजे परत घालायला लावले. मग कोणीतरी स्वस्तिक पुसलं. आणि स्वस्तिकाच्या मागे दडलेला शब्द दिसला.

सेठनी चष्मा लावून वाचला. "साईं, ये तो पासवर्ड माँगता है। फाईल को ताला है। किसने डाला?"

शशिकांत गडबडला. कारण आत्ता त्याला आठवलं. सगळी माहिती टाइप केली ती सेठच्या क्लासातल्या वेणूने. तेव्हा कॅम्प दोनमधली रिकामटेकडी पोरं मुलींची माहिती वाचायला डोकावायची, म्हणून शशिकांतनेच तिला ऐटीत सांगितलं होतं, "वेणू, असं कुलूप लाव की मलासुद्धा उघडता येऊ नये!" वेणू गुणी मुलगी. तिने तसंच लावलं. आणि गेल्याच महिन्यात तिचं लग्न होऊन ती बारवी धरणाकडच्या गावात नांदायला गेली.

आधी त्याने अंदाजाने ठोकून पाहिलं. मंडळाचं नाव घातलं, अंबरनाथ घातलं, वेणू घातलं. सेठनी भक्तिभावाने झुलेलालचं नाव घालायला लावलं. काही उघडेना. बाहेर विष्णुपंत माइकवर गेले आणि म्हणाले, "मशीन लवकरच बोलेल. तोपर्यंत बटाटेवडे घ्या."

शशिकांतच्या डोळ्यांसमोर मालिनी वडा खाऊन बदलापूरला परत चालल्याचं चित्र उभं राहिलं. ती गेली की संपलं! पुढचा मेळावा वर्षाने, आणि वर्षभर अशी मुलगी कोण ठेवतंय! दाराच्या फटीतून त्याने पाहिलं. ती तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसली होती, हातात त्याचंच पेन होतं.

सेठच्या डायरीत वेणूच्या सासरचा नंबर सापडला. नवरा धरणावर नोकरीला असल्याने घरी फोन होता. शशिकांतने नंबर फिरवला.

"कोन बोलतंय?" पलीकडून बाईंचा दणदणीत आवाज आला. ही वेणूची सासू, कौसाबाई.

"नमस्कार! मी वधूवर मेळाव्यातून बोलतोय. वेणू आहे का?"

पलीकडे फोन दुसऱ्या कानाला गेला.

"कुठून बोलतंस?"

"वधूवर मेळाव्यातून! वेणूचं अर्जंट काम आहे. लोक खोळंबलेत!"

"आरं मेल्या, तिचं लगीन झालंय! म्हयना झाला! आमची सून हाय ती!"

"हो, हो, माहीत आहे! म्हणूनच फोन केला!"

"लगीन झालंय म्हनून फोन केलास?"

शशिकांतने कपाळावरचा घाम पुसला आणि फाईल, कुलूप, मशीन असं सगळं समजावून सांगितलं. कौसाबाईंना त्यातलं कुलूप तेवढं कळलं. "किल्ली हरवलीय व्हय? मंग तसं सांग ना! ती खल्यावर गेलीय, बोलावते." खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. वेणू पदर खोचलेली तशीच धावत आली असावी, कारण फोनवर आधी नुसती धापच ऐकू आली.

"वेणू! पासवर्ड सांग!"

"अय्या, सर! तुम्हाला सांगायचाच राहिला!"

"आता सांग!"

फोनवर नुसत्या बांगड्या किणकिणल्या.

"वेणू?"

"सर, ते... नाव आहे."

"कोणाचं?"

"ह्यांचं."

"कोणाचं ह्यांचं?"

"आमच्या ह्यांचं हो, सर!" वेणूचा आवाज खाली खाली गेला. "साखरपुडा झाल्यावर ठेवलं होतं. आता कसं घेऊ? आत्याबाई इथेच उभ्या आहेत. मामंजी ओटीवर आहेत. खळ्यावरच्या बायकापण आल्यात मागोमाग."

लाइन खराब होती, म्हणून शशिकांतला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागत होतं. आणि ऑफिसचं दार पातळ प्लायवूडचं होतं. हॉलमधल्या तमाम वधूवरांना आणि त्यांच्या पालकांना पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. त्यांना येत होतं ते एवढंच: "अगं, लाजतेस काय! एकदाच नाव घे! कोणाला कळणार नाही!"

तिसऱ्या रांगेतल्या पेनाचं टोपण लागलं.

"बरं, असं कर," शशिकांतला युक्ती सुचली. "नाव घेऊ नकोस. इंग्रजीतलं एकेक अक्षर सुटं सांग!"

ही युक्ती वेणूला पटली. तिने हळूच पहिलं अक्षर उच्चारलं मात्र, ते इकडे पोचायच्या आत मागून कौसाबाई कडाडल्या. शाळेत न जाताही त्यांना काय चाललंय ते बरोबर कळलं.

"आगं, नवऱ्याच्या नावाचं तुकरं करतंस? भरल्या घरात? आख्खं घेतलेलं बरं त्यापरीस!"

"मग अख्खं घेऊ दे की तिला, आजी!" शशिकांत कळवळून ओरडला.

"घेईल ना! उखान्यात घेईल! आमच्याकं रीत हाय!"

खळ्यावरच्या बायकांनी लगेच एकच गलका केला. उखाणा म्हटल्यावर झोडणी राहिली बाजूला. वेणू आधी नको नको म्हणाली, कारण तशीही रीत असते. मग कोणीतरी "आडून बसू नको गं!" म्हणालं. मग वेणू खाकरली. शशिकांतने कागद ओढला, आणि एक अक्षरही चुकू नये म्हणून तो लिहिता लिहिता ती म्हणेल ते मोठ्याने म्हणत गेला. हॉलमध्ये तेव्हा नेमकी वडे खाण्याची शांतता होती. त्या शांततेत प्लायवूडच्या दारामागून मंडळाच्या चिटणिसाचा आवाज स्पष्ट आला:

"भाताच्या लोंब्यांवर ऊन पडलं सोनेरी, हरिचंद्ररावांचं नाव घेते, फोन धरून कानावरी!"

कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. विष्णुपंतांच्या हातातला वडा चटणीत पडला. वृंदाताई डोळे मिटून बसल्या. तेहतीस वर्षांच्या आपल्या मुलाने भरमेळाव्यात कोणा हरिचंद्ररावांचं नाव का घ्यावं, हे त्या माउलीला काही केल्या उमजेना.

आत शशिकांत कीबोर्डवर वाकला. त्याने हरिचंद्र घातलं. मशीनने नाकारलं. राव जोडून घातलं. नाकारलं. सेठ म्हणाले, साईं, आदर नको, उघडंबोडकं घाल. ते आधीच घालून झालं होतं.

"वेणू, उघडत नाही गं!"

"ते नाही, सर."

"म्हणजे? नवऱ्याचं नाव म्हणालीस ना?"

"हो, पण हे पत्रिकेतलं. मी घातलं ते घरातलं. साखरपुड्यात सगळे त्यांना त्याच नावाने हाका मारत होते ना, मला तेच ठाऊक होतं. ते उखाण्यात कसं घेऊ? हसतील सगळे!"

"हसू दे!"

"आणि आत्याबाईंखेरीज त्यांना कोणी त्या नावाने हाक मारलेली त्यांना चालत नाही."

"मग आत्याबाईंना दे फोन!"

शशिकांत खुर्चीवरून उठून उभाच राहिला. शक्य तितक्या नम्रपणे, पण बाहेर शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात त्याने विचारलं, "आजी, तुमच्या मुलाला घरात लाडाने काय म्हणता?"

"कनाला? तुला काय कराचंय?"

"मला हवंय!"

"तुला कनाला हवंय माझ्या पोराचं लाराचं नाव?" कौसाबाईंचा आवाज एकदम बदलला. "उखान्यात नाव दिलं, त्यानं भागलं नाय? आता घरचं पायजे? मंग आईचं विचारशील! मंग केस मागशील! करनी करतंस व्हय रं?"

"नाही हो! मशीनमध्ये घालायचंय!"

"मशीनमंदी घालतंय!" कौसाबाईंनी जी किंकाळी फोडली ती ऐकून शशिकांतने फोन हातभर लांब धरला. "आरं बाला! ऊठ रं! बाला! बग कोन मानूस तुला मशीनमंदी घालाला निंगालाय! ए बाला!"

सेठ आणि शशिकांतने एकमेकांकडे पाहिलं. सेठनी दोन बोटांनी चार कळा दाबल्या. मशीन गुरगुरलं, ठिपका हलला, आणि खळकन सगळा पडदा नावांनी भरून गेला!

"उघडली! उघडली!" शशिकांतने सेठना मिठी मारली. फोनमध्ये रात्रपाळी करून झोपलेला बाळा "काय झालं? काय झालं?" करत उठल्याचं ऐकू येत होतं. आनंदाच्या भरात त्याला धन्यवादही न म्हणता शशिकांतने फोन ठेवून दिला, त्यामुळे बारवीकडच्या त्या घरात पुढे काय समजूत झाली ते कळायला मार्ग नाही.

"निकालो, साईं, पहला नाम!"

शशिकांतने मालिनीचं नाव घातलं. प्रिंटर किरकिर करत पुढेमागे धावू लागला. कागद इंचाइंचाने वर आला. आणि खरोखर! मालिनी, बदलापूर, आणि समोर पहिल्या क्रमांकावर शशिकांत टिपणीस, अंबरनाथ! सेठनी कागद टरकन फाडून त्याच्या हातात दिला. "मुबारक, साईं!"

आनंदाने शशिकांतचे डोळे भरून आले. आता काही बोलायची गरज नव्हती, कागद पुढे करायचा, बस! त्याने केसांवरून हात फिरवला, दार लोटलं आणि तो हॉलमध्ये धावला.

हॉल जवळजवळ रिकामा होता. मशीनची वाट बघून लोक कंटाळले होते आणि काही करायला नाही म्हणून आपसात बोलत बसले होते. बोलता बोलता पाच-सहा घरांचं जवळपास जमलंही होतं. त्यातली काही मंडळी तर पुढच्या बोलण्यासाठी एकमेकांच्या घरी निघून गेली होती. विष्णुपंत स्टेजवर बसून जुळलेल्यांना पेढे वाटत होते. मंडळाच्या इतिहासात एका दिवसात इतकी लग्नं कधी जमली नव्हती. तिसरी रांग मोकळी होती. तिथे एका खुर्चीवर वृंदाताई एकट्या बसून होत्या.

"आई! मालिनी कुठे?"

"गेली."

"गेली? कुठे? कोणाबरोबर?"

"आईबरोबर. बदलापूरला. तिचं कुठे जमलं नाही रे. चांगली आहे मुलगी. दोनदा माझ्याकडे येऊन म्हणाली, 'चिटणिसांशी दोन शब्द बोलायचे होते, जरा बोलावता का?'"

शशिकांतने शेजारची खुर्ची ओढली. "स्वतः म्हणाली? मग? तू काय सांगितलंस?"

"तू मध्ये बोलू नको म्हणाला होतास, म्हणून मी आधी गप्पच बसले," वृंदाताई म्हणाल्या. "पण तिने फारच विचारलं. मग जे दाराबाहेर ऐकू येत होतं तेच सांगितलं. म्हटलं, तो आत एका लग्न झालेल्या मुलीशी फोनवर बोलतोय, लांबेल असं दिसतंय. खोटं कशाला सांगू?"

शशिकांत त्या खुर्चीत बसला.

"मग तिची आई विचारायला लागली, हरिचंद्रराव कोण? मला कुठे ठाऊक! मी म्हटलं, असतील ओळखीचे."

शशिकांतने हातातल्या कागदाकडे पाहिलं. दोन नावं शेजारीशेजारी, किती सुरेख दिसत होती! त्याने कागद घडी करून खिशात घातला.

"जाताना काही म्हणाली का गं ती?"

वृंदाताईंनी आठवून पाहिलं.

"हो, म्हणाली ना," त्या म्हणाल्या. "वडा चांगला होता म्हणाली."